काकूंचं न्यूयॉर्कचं विमान

आज आम्ही आमच्या बचत गटातर्फे बोलतोय. माईकपुढे एकटीच बसली आहे, पण कागद चौदा जणींनी मिळून लिहिलाय, म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय. मागच्या खेपेला आम्ही शेळ्यांच्या विम्यावर बोललो, तेव्हा पुष्कळ जणींनी फोन करून विचारलं. आजचा विषय ऐकून मात्र काही जणी म्हणतील, ह्या बायांना झालंय तरी काय! विषय आहे मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कचा विमानतळ किती लांब, आणि तिथं पोचायला वेळ किती लागतो.

हसू नका. ह्या एका प्रश्नापायी आमच्या गटातल्या एका मावशींचं तिकीट बुडालं आहे, आणि लेकीच्या बाळंतपणात आईला तिच्याजवळ पोचता आलेलं नाही. ते आधी सांगतो.

दोन वर्षं झाली. मावशींची लेक अमेरिकेत, पहिलटकरीण. मावशींनी गटातून कर्ज उचललं, जावयानं वरचे पैसे घातले, आणि तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाकडून तिकीट काढलं. तिकिटावर लिहिलं होतं 12 नोव्हेंबर, वेळ 01:25. एजंट म्हणाला, “बाराची रात्र आहे.” आम्हीही सगळ्यांनी ते तिकीट हातात घेऊन पाहिलं, बाराचीच रात्र म्हणालो. बारा तारखेला सकाळी ओटी भरली, दुपारी गाडी निघाली, रात्री दहाला मावशी विमानतळाच्या दारात उभ्या. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, परत पाहिलं, आणि म्हणाला, “आजी, हे विमान काल रात्रीच गेलं.”

म्हणजे काय झालं? रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते. 12 तारखेचे 01:25 म्हणजे 11 तारखेला आपण जेवून झोपतो, त्याच रात्रीचा दीड. मावशींनी 11 लाच घर सोडायला हवं होतं. ही चूक अडाणीपणाची आहे असं कुणी म्हणालं तर आम्ही मान्य करणार नाही. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. आपण मध्यरात्री उठलो तरी ‘अजून सोमवारच चाललाय’ म्हणतो. विमानाचं घड्याळ ते मानत नाही, एवढंच. आणि गंमत म्हणजे, मुंबईला जाणारी पोरंसोरंसुद्धा ह्यात फसतात. आम्ही नंतर विचारत गेलो तर आमच्या एकाच गावात अशी दोन उदाहरणं निघाली.

पैसे परत मिळाले नाहीत. जावयानं चार दिवसांनंतरचं दुसरं तिकीट काढलं. मावशी पोचायच्या आदल्या दिवशी लेक बाळंत झाली. सगळं नीट झालं, नात गुटगुटीत आहे, पण मावशी आजही म्हणतात, “ती कळा सोसत होती तेव्हा मी इथं अंगणात बसले होते, पिशव्या बांधून.” कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीला फिटला.

म्हणून ह्या वर्षी जेव्हा आमच्या काकूंचं ठरलं, तेव्हा आम्ही सगळ्या जणी कामाला लागलो. काकूंचं वय बासष्ट. त्यांची लेक न्यू जर्सीत राहते, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेजारच्या राज्यात. बाळंतपण जानेवारीच्या वीस तारखेच्या आसपास. आणि काकूंना शुगर. दोन वेळा इन्सुलिनची सुई, सकाळी नाश्त्याला आणि रात्री जेवणाला. मावशींचं तिकीट गेलं, पैसे गेले. काकूंच्या बाबतीत वेळ चुकली तर पैशावर भागणार नव्हतं.

आम्ही शाळेतल्या बाईंकडून पृथ्वीचा गोल मागून आणला. त्यावर मुंबईवर एक बोट, न्यूयॉर्कवर एक बोट, आणि मध्ये गोधडीचा दोरा ताणून धरला. भिंतीवरच्या सपाट नकाशात बघितलं तर वाटतं, विमान सरळ डावीकडे जाईल: अरबस्तान, इजिप्त, आफ्रिकेचं वाळवंट, मग मोठा समुद्र. पण गोलावर दोरा ताणला की तो आपोआप वर सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, मग स्वीडन-नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाशेजारून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. आम्हाला वाटलं दोरा चुकतोय. बाई म्हणाल्या, “सोडा आणि परत ताणा.” परत तिथंच. भोपळ्यावर दोरा गुंडाळून बघा घरी, तसंच होतं. ह्या दोऱ्यानं अंतर भरतं सुमारे 12,530 किलोमीटर. सपाट नकाशावरच्या सरळ रेषेनं गेलं तर दीड हजार किलोमीटरहून जास्त वाढतं.

12,530 म्हणजे किती, हे आम्हाला कळेना. आमचं गाव कराडजवळ. मुंबई तीनशेच्या थोडी वर. तर कराडहून मुंबईला वीस वेळा जायचं आणि वीस वेळा परत यायचं, तेवढं. तेही एकदाही न थांबता. अशा लांबच्या प्रवासाला जाणारी जी मोठी विमानं असतात, त्यातल्या बोइंग 777 जातीच्या एका विमानात 1 लाख 80 हजार लिटरच्या आसपास इंधन मावतं. उन्हाळ्यात आपल्याकडे जो दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो, तसे अठरा टँकर त्याच्या पंखांत आणि पोटात. हे ऐकून आमच्यातली एक जण म्हणाली, मग तो उडतो कसा? ते आम्हाला सांगता यायचं नाही.

आता वेळ. विमान वर गेलं की ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास चालतं. भागाकार केला तर चौदा तास येतात. पण काकूंच्या तिकिटावर साडेसोळा तास होते. मग हे अडीच तास गेले कुठं?

पहिलं म्हणजे वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, थंडीत तर फारच. अमेरिकेला जाताना विमान वाऱ्याच्या तोंडाला जातं, येताना वारा पाठीशी. सायकल चालवणारीला हे वेगळं सांगायला नको. म्हणून जायला जेवढे तास, त्यापेक्षा यायला एक-दोन तास कमी. दुसरं म्हणजे वाट. गोलावरचा दोरा कुणाच्याही देशावरून जातो, विमानाला मात्र परवानगी लागते. 2019 साली फेब्रुवारीत पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते जुलैत उघडलं. एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं. रशियाचं आकाश 2022 पासून अमेरिकेच्या आणि युरोपातल्या विमान कंपन्यांना बंद आहे. शेजाऱ्यानं बांधावरून वाट अडवली की आपण जसं ओढ्याकडून वळसा घालून रानात जातो, तसंच हे. आणि तिसरं, तिकिटावरचा वेळ विमान दारापासून हलतं तिथपासून ते पलीकडच्या दाराला लागतं तिथपर्यंतचा असतो. धावपट्टीवर रांगेत थांबणं त्यातच आलं.

काकूंपुढे दोन तिकिटं होती. एक थेट. दुसरं दुबईवरून, आठ-नऊ हजारांनी स्वस्त. मुंबई-दुबई सुमारे 1,930 किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. दुबई-न्यूयॉर्क 11,000 किलोमीटर, साधारण चौदा तास. म्हणजे अंतरात फक्त चारेकशे किलोमीटरची वाढ. कागदावर काहीच वाटत नाही. पण मध्ये दुबईला सहा तास बसायचं, दुसऱ्या विमानाचं दार शोधायचं, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. गटात यावर दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, उलट बरं, मध्ये पाय मोकळे होतात. हे खरं आहे, आणि धडधाकट बाईला दोन तुकड्यांचा प्रवास सोसतोही. पण काकूंना सुई आणि जेवण यांचा मेळ तीन वेगवेगळ्या घड्याळांवर घालायचा होता. आम्ही थेट तिकिटाच्या बाजूनं कौल दिला आणि वरच्या पैशांतले चार हजार गटानं काकूंना बिनव्याजी दिले.

घड्याळाचं आता नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे.

पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी मारते. म्हणजे तासाला पंधरा अंश. सूर्य आपल्याकडे आधी येतो, न्यूयॉर्कला नंतर. सगळ्या देशानं एकच घड्याळ वापरायचं असं आपल्याकडे ठरलं, तरी मुंबई बरीच वर्षं ऐकत नव्हती. 1955 पर्यंत मुंबईची वेगळी वेळ चालायची, बाकी देशापेक्षा 39 मिनिटं मागे. हे आम्हाला बाईंनी सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण घोळ काही आपल्यालाच होतो असं नाही. तर हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. उन्हाळ्यात साडेनऊ तास. हा एक तासाचा फरक का? तर तिकडे उजेडाचा फायदा घ्यायला मार्चच्या दुसऱ्या रविवारी सगळा देश घड्याळ एक तास पुढे करतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतो. सगळा देश म्हणजे, एक-दोन राज्यं सोडून.

काकूंचं विमान होतं 10 जानेवारी, 01:30. आम्ही लाल पेनानं कागदावर लिहिलं: “घर सोडायचं 9 तारखेला सकाळी.” तो कागद काकूंच्या फ्रिजवर, गटाच्या खोलीत आणि जीपवाल्या दादांच्या गाडीच्या काचेवर चिकटवला. मावशींनी स्वतः चिकटवला.

विमान न्यूयॉर्कला पोचणार होतं 10 जानेवारीलाच, सकाळी 07:30. हे बघून काकूंच्या दिरांनी सगळ्या पारावर सांगितलं की वहिनी सहा तासांत अमेरिकेला जाणार. दीड ते साडेसात, सहाच तास की! पण सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची. सहा तासांत साडेदहा मिळवा, साडेसोळा होतात. उलट बाजूला परतीचं तिकीट बघा. 2 मे, दुपारी साडेबाराला न्यूयॉर्कहून निघायचं आणि 3 मे, दुपारी साडेबाराला मुंबईत उतरायचं. दिसायला चोवीस तास. त्यातून उन्हाळ्याचे साडेनऊ वजा करा, राहतात साडेचौदा. जाताना मिळवायचं, येताना वजा करायचं. हे गणित आम्ही दोन शनिवार घोटून घेतलं. आता आमच्यातली सही करायला शिकून तीन वर्षं झालेली आजीसुद्धा ते बोटांवर करते.

आणि हे झालं फक्त विमानाचं. काकूंनी 9 तारखेला सकाळी अकराला घर सोडलं. लेकीच्या घरचा उंबरा ओलांडला तेव्हा तिकडे दहा तारखेचे सकाळचे अकरा, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. म्हणजे एकूण साडेचौतीस तास. विमानात साडेसोळा, बाकीचे अठरा रस्त्यात, रांगेत आणि खुर्चीत. कुणी नुसतं ‘सोळा तासांचं विमान आहे’ म्हणालं तर तिला विचारा, आणि घरापासून घरापर्यंत किती? औषधं, डबा, सगळं त्या मोठ्या आकड्याला पुरायला हवं.

आता सुईचं. हे जे सांगतोय ते काकूंच्या डॉक्टरांनी काकूंना लिहून दिलं होतं. तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल तर आपापल्या डॉक्टरांकडे तिकिटाचा कागद घेऊन जा आणि त्यांच्याकडून लिहून आणा. दुसरीचं औषध जसं आपण घेत नाही, तसं दुसरीचं वेळापत्रकही घ्यायचं नाही. पण काही गोष्टी सगळ्यांना लागू आहेत. इन्सुलिन, सुया आणि साखर तपासायचं यंत्र हातातल्या पिशवीत ठेवायचं, विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत नाही. तिथं ते गोठू शकतं, आणि बॅग चुकली तर औषधही गेलं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. आणि काकूंना डॉक्टरांनी सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: खाणं समोर आल्याशिवाय सुई नाही.

उतरेपर्यंत भारताचं घड्याळ पाळायचं असं ठरलं. काकूंच्या डाव्या मनगटावर त्यांचं नेहमीचं घड्याळ, त्याला हात लावायचा नाही. सकाळी आठला सुई, म्हणजे विमान सुटून साडेसहा तासांनी. लेकीनं विचारून ठेवलं होतं की विमानात एक जेवण सुटल्यावर तास-दीड तासानं येतं आणि दुसरं उतरायच्या आधी. मध्ये खूप मोठा वेळ. म्हणजे सकाळी आठला विमानात कुणी काही देणार नव्हतं. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, आणि छोट्या डबीत खडीसाखर दिली. लेकीनं इंग्रजीत एक कार्ड लिहून पाठवलं, ते काकूंच्या गळ्यात अडकवलं. त्यात लिहिलं होतं की मला मधुमेह आहे, मला इंग्रजी येत नाही, मला घाम आला किंवा मी थरथरले तर लगेच साखर द्या. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली. काकू आधी ऐकेनात; “मी काय पांगळी आहे?” म्हणाल्या. पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस आपल्याला रांगा, कागद, दार, सगळ्यातून नेतो. भाषा न येणाऱ्या बाईला तो सोबतीसारखाच.

10 तारखेला सकाळी आठला आम्ही इकडे गटाच्या खोलीत जमलो. का जमलो ते सांगता येणार नाही. करायचं काहीच नव्हतं. फोन लागत नव्हता. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या.

तिकडे काय चाललं होतं ते काकूंनी नंतर सांगितलं. विमानात रात्री जेवण आलं तेव्हा त्यांना झोप लागली होती, त्यांनी ते घेतलंच नाही. जाग आली तर सगळीकडे अंधार, दिवे मालवलेले, खिडक्या बंद, माणसं घोरताहेत. त्यांना वाटलं, मध्यरात्र आहे, अजून खूप वेळ आहे. परत डोळे मिटले. मैत्रिणींनो, इथं लक्ष द्या. हिवाळ्यात रात्री निघून पश्चिमेला जाणारं विमान रात्रीबरोबरच चालत असतं. मागून सूर्य येत असतो, पण विमान पुढं पळत असतं. काकूंची ती रात्र सोळा तासांची होती. विमान उतरायला आलं तेव्हा कुठं खिडकीत तांबडं फुटलं. उजाडायची वाट बघत बसल्या असत्या तर सकाळची सुईही नाही आणि सकाळचं खाणंही नाही.

डोळे मिटले पण झोप येईना. पाठीला घाम आला. काकूंना वाटलं, विमानात उकडतंय. मग हात थरथरायला लागला तेव्हा घड्याळाकडे बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं. आदल्या दिवशी रात्री साडेआठला विमानतळावर खाल्लं होतं, त्यावर जवळजवळ बारा तास उलटलेले. त्यांनी आधी खडीसाखर तोंडात टाकली. मग शेजारच्या पोराला हलवलं आणि गळ्यातलं कार्ड दाखवलं. त्यानं बटण दाबलं, हवाई सुंदरी आली, कार्ड वाचून फळांचा रस घेऊन आली. यंत्रावर आकडा खाली होता. काकूंनी सुई घेतली नाही. रस प्यायल्या, पंधरा मिनिटं थांबल्या, पुन्हा तपासलं, मग दशमी-चटणी खाल्ली, आणि डॉक्टरांच्या कागदावर जो आकडा लिहिला होता त्याच्यावर साखर गेल्यावरच सुई घेतली. कागद नसता आणि ‘आठ वाजले, सुईची वेळ झाली’ म्हणून त्यांनी रिकाम्या पोटी सुई टोचली असती, तर काय झालं असतं हे आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते इथं सांगत नाही.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी. विमानातली हवा आपल्याला जमिनीसारखी वाटते, पण तिचा दाब अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावा तसा असतो. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर आहे, म्हणजे त्याहून वर बसल्यासारखं. हवा कोरडीही असते. त्यामुळे तहान नसली तरी पाणी प्यायचं. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो. म्हणून मधून मधून उठायचं, आणि बसल्या बसल्या पावलं वरखाली करायची, शिवणयंत्राचा पायटा मारतो तशी. काकूंनी ते मनापासून केलं; गटात त्याच शिवणकाम करतात. चोळीच्या पिशवीतले पैसे तपासणीत बाहेर काढावे लागतात, हेही सांगून ठेवतो. आणि अमेरिकेत उतरताना ताजी फळं, बियाणं, मांस नेता येत नाही. जे खायचं आहे ते कागदावर खरं लिहायचं. काकूंच्या पिशवीत जाऊबाईंनी गुपचूप दोन पेरू टाकले होते. न्यूयॉर्कच्या विमानतळावर सामान हुंगायला छोटी कुत्री असतात असं लेकीनं आधीच बजावलं होतं, म्हणून काकूंनी दोन्ही पेरू उतरायच्या आधी खाऊन टाकले. साखर नंतर थोडी वाढली ती त्यामुळेच, असा आमचा संशय आहे.

संध्याकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी, आपल्या घड्याळानं, काकूंचा फोन आला. पहिला प्रश्न मावशींनी विचारला, “खाल्लंस का आधी?”

ह्याच वाटेनं एक बाई आपल्या आधी गेली होती, तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. कल्याणची आनंदीबाई जोशी. 7 एप्रिल 1883 ला कोलकात्याहून बोटीत बसली, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरली. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा, नवरा मागे राहिला. धक्क्यावर घ्यायला न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाई आल्या होत्या, ज्यांना तिनं तोवर फक्त पत्रांतून ओळखलं होतं. 1886 साली ती तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडली. पुढे 1960 साली एअर इंडियानं मुंबईहून न्यूयॉर्कला विमान सुरू केलं, ते लंडनला थांबा घेऊन जायचं. आनंदीबाईचं घरी लिहिलेलं पत्र पोचायलाच आठवडे लागत. आम्हाला काकूंचे मधले सोळा तास कळले नाहीत तर आमची काय अवस्था झाली होती, ते वर सांगितलंच.

लेक बाळंत झाली 18 जानेवारीला, रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. काकू जवळ होत्या. इकडे तेव्हा 19 तारखेचे सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्यावरून गावात आठवडाभर वाद रंगला. काकूंचे दीर म्हणत होते, बाळ एकोणीसचं. आम्ही म्हणालो, जिथं जन्मलं तिथली तारीख, अठराच. शेवटी शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दाखल्यावर अठराच येणार. बारसं मात्र दोन्हीकडे झालं. इकडं पाळणा रिकामा होता, काकूंच्या फोनवर बाळ दिसत होतं, आणि ते झोपलेलं होतं, कारण तिकडे रात्रीचा एक वाजला होता. काकूंनी डोळे चोळत चोळत पेढा दाखवला, खाल्ला नाही.

काकू मे महिन्यात येतील. त्यांच्यानंतर आमच्या गटातल्या आणखी एकीचं जूनमध्ये ठरतंय, तिला मात्र मस्कतला जायचंय. लाल पेन आणि कार्डाचा नमुना गटाच्या कपाटात ठेवलेला आहे. कुणाला हवा असेल तर शनिवारी दुपारी या, आम्ही तिकीट बघून कागद करून देतो. तिकीट आणा, नुसती तारीख सांगू नका.

गटाच्या खोलीत आता दोन घड्याळं आहेत. दुसऱ्याखाली मावशींनी खडूनं ‘न्यूयॉर्क’ लिहिलंय. मार्चचा दुसरा रविवार यंदा 8 तारखेला आहे. त्या दिवशी महिला दिनाच्या कार्यक्रमाला सगळ्या जणी खोलीत जमतीलच, तेव्हा कुणीतरी स्टुलावर चढून ते घड्याळ तासभर पुढं करायचं आहे.